आधी जाहिरात आणा, मग बातमी लिहा

दरवर्षी ६ जानेवारी उजाडली, की महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याच्या आणि बहुतेक तालुक्यांच्या गावी एक ठरीव समारंभ होतो. १८३२ साली याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, म्हणून हा पत्रकार दिन. व्यासपीठावर आमदार असतात, साखर कारखान्याचे अध्यक्ष असतात, शिक्षणसंस्थेचे सचिव असतात, पोलीस निरीक्षक असतात. समोर तालुक्यातील वार्ताहर बसलेले असतात. शाल-श्रीफळांचे वाटप होते. लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाचा उल्लेख प्रत्येक वक्ता करतो. आणि अखेरीस अध्यक्ष महाराज सांगतात, की पत्रकारिता हा धंदा नसून ते एक व्रत आहे. टाळ्या पडतात. टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी बहुतेकांना, ज्या वृत्तपत्रासाठी ते वर्षानुवर्षे राबतात त्या वृत्तपत्राकडून महिन्याकाठी एक पैसाही वेतन मिळत नाही, हे व्यासपीठावरील मंडळींना ठाऊक असते आणि समोरच्यांनाही ठाऊक असते. ठाऊक नसते ते फक्त मागच्या रांगेत कौतुकाने उभ्या असलेल्या शाळा-महाविद्यालयांतील मुलांना.

अशाच मागच्या रांगेतील एका मुलाची हकीगत येथे सांगावयाची आहे. तो जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याचा. घरी दोन एकर कोरडवाहू जमीन. आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात आणि हा आजीजवळ राहून शिकतो. शाळेत असताना तो दर पंधरवड्याला हस्तलिखित भित्तिपत्रक काढीत असे. त्यातील एका अंकात मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी नाही अशी बातमी आली आणि तो अंक दुपारच्या सुट्टीपूर्वीच भिंतीवरून उतरला. पण आठ दिवसांनी कडी बसली. वृत्तपत्राची ताकद म्हणजे काय, हे त्याला त्या कडीने शिकविले.

२०२४ च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्याची तहान शेकडो टँकरांवर भागत होती. या मुलाची अकरावीची परीक्षा आटोपली होती. गावाच्या विहिरीत टँकर रिकामा होई, तेथे तो सलग नऊ दिवस पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बसून राहिला आणि खेपा मोजल्या. नोंदवहीत रोज तीन खेपा होत्या. विहिरीत कधी दोन पडल्या, कधी एक, आणि दोन दिवस एकही नाही. वेळ, गाडीचा क्रमांक, सही करणाऱ्याचे नाव, सारे त्याने लिहून ठेवले. हे वृत्त घेऊन तो एका दैनिकाच्या प्रतिनिधीकडे गेला. प्रतिनिधी भला माणूस होता. त्याने मजकूर वाचला, शाबासकी दिली, चहा पाजला आणि सांगितले, की टँकरचा ठेकेदार आपल्या १५ ऑगस्टच्या पुरवणीचा मोठा जाहिरातदार आहे. बातमी छापून आली नाही.

येथपर्यंतची गोष्ट नवी नाही. आमच्या वाचकांनी अशा शंभर गोष्टी ऐकल्या असतील. खरी गोष्ट पुढे आहे. बारावीचा निकाल लागल्यावर हा मुलगा पुन्हा त्याच प्रतिनिधीकडे गेला आणि म्हणाला, ‘सर, मला हेच काम करायचे आहे. मला वार्ताहर करून घ्या.’ प्रतिनिधीने अटी सांगितल्या. पगार नाही. गावाकडची अंकविक्रीची एजन्सी घ्यावी लागेल. तिच्यासाठी अनामत भरावी लागेल. स्वातंत्र्यदिन, दिवाळी, प्रजासत्ताक दिन आणि नेत्यांचे वाढदिवस यांच्या पुरवण्यांसाठी ठरलेल्या रकमेच्या जाहिराती आणाव्या लागतील. त्यांवर शेकडा काही दलाली मिळेल, तीच कमाई. ओळखपत्र पहिली पुरवणी पार पडल्यावर. थोडक्यात, आधी जाहिरात आणा, मग बातमी लिहा.

मुलगा घरी आला आणि वहीच्या एका पानावर त्याने तालुक्यात जाहिरात कोण देऊ शकेल त्यांची नावे लिहिली: टँकरचा ठेकेदार, सरपंच, बियाणे-खतांचा दुकानदार, संस्थाचालक, नदीच्या वाळूचा लिलाव घेणारा, नव्या रस्त्याच्या कडेला भूखंड पाडून विकणारा. समोरच्या पानावर त्याने यंदा कोणत्या बातम्या लिहावयाच्या आहेत ते लिहिले. दोन्ही पानांवर नावे तीच होती. ती वही त्याने प्रस्तुत लेखकाला दाखविली आणि विचारले, ‘यातले कोणते पान फाडू?’

त्या प्रश्नाचे उत्तर व्रताच्या भाषेत देणाऱ्यांना आम्हांस काही विचारावयाचे आहे. व्रताचा दाखला म्हणून ज्यांची नावे घेतली जातात, त्या थोर पुरुषांचे पोट कशावर भरत होते? बाळशास्त्री ‘दर्पण’वर जगत नव्हते. ते विद्याखात्यात आणि १८३४ पासून एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते. दरमहा वेतन घेत होते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकरांचे होते आणि पत्राच्या मागे राजर्षी शाहू महाराजांनी दिलेले अडीच हजार रुपये होते. त्याच ‘मूकनायक’ची पैसे मोजून दिलेली जाहिरातही ‘केसरी’ने छापली नाही, हा इतिहास सर्वश्रुत आहे. जाहिरातीचा स्तंभ कोणाला उघडा आणि कोणाला बंद, हा प्रश्न तेव्हाही पैशाचा नव्हता, सत्तेचा होता. आणि गोदावरीपलीकडे नेवासे तालुक्यात तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी अर्धशतकाहून अधिक काळ ‘दीनमित्र’ चालविला. शेतकऱ्यांचे पत्र खेड्यातून निघू शकते, याचा एवढा मोठा पुरावा देशात दुसरा नसेल. पण मुकुंदराव त्या पत्राचे धनी होते. दुसऱ्याच्या पत्रासाठी फुकट राबून त्याच्याच पुरवणीसाठी दारोदार फिरणारे वार्ताहर नव्हते. या थोरांचा त्याग खरा, यात शंका नाही. परंतु त्यांनी त्याग केला तो स्वतःच्या विचाराच्या पत्रासाठी. मालकाच्या नफ्यासाठी ऊसतोड कामगाराच्या मुलाने त्याग करावा, हे व्रत कोणत्या पोथीत सांगितले आहे?

वृत्तपत्रधंद्याचा हिशेब साधा आहे. कागदवाल्याचे बिल थकले तर अंक निघत नाही. शाईचे पैसे द्यावेच लागतात. वीज कंपनी सवलत देत नाही. गठ्ठा वाहून नेणारी गाडी इंधनाशिवाय हलत नाही. या साऱ्या खर्चांना आज ना उद्या वाट काढून दिली जाते. फुकट मिळते ती एकच वस्तू, आणि ती म्हणजे बातमी. ज्या वस्तूकरिता वाचक अंक विकत घेतो तीच! ‘जिल्हा पत्रे तोट्यात आहेत, वार्ताहरांना कोठून देणार’ असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद लहान पत्रांपुरता सहानुभूतीने ऐकण्यासारखा आहे. शासकीय निविदा आणि वकिलांच्या जाहीर नोटिसा यांवर जगणाऱ्या चार पानी पत्राच्या मालकाची अवस्था वार्ताहराहून फार वेगळी नसते. परंतु साखळी वृत्तपत्रांचे काय? एकाच छापखान्यातून अनेक जिल्ह्यांच्या आवृत्त्या काढावयाच्या, प्रत्येक जिल्ह्याला चार पाने द्यावयाची आणि ती चार पाने बिनपगारी माणसांकडून भरून घ्यावयाची, हा त्यांच्या विस्ताराचा पायाच आहे. जिल्हा आवृत्ती ही जिल्ह्याची सेवा म्हणून मिरविली जाते. प्रत्यक्षात ती जाहिरात गोळा करण्याची चौकी असते.

कायदा काय करतो, असे कोणी विचारील. श्रमिक पत्रकारांसाठी संसदेने १९५५ साली कायदा केला. त्या कायद्यान्वये वेतन मंडळे नेमली गेली. अखेरच्या मजिठिया मंडळाच्या शिफारशी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०११ मध्ये जाहीर केल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या वैध ठरविल्या. मालकांनी त्यावर तोड काढली ती कंत्राटाची. आणि २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या श्रमसंहितांमध्ये तो १९५५ चा कायदाही विलीन झाला. पण हे सारे शहरातील कचेरीत बसणाऱ्या पत्रकाराचे रामायण. तालुक्याचा वार्ताहर त्यात कोठेच नव्हता. ज्याच्या हाती नेमणुकीचे पत्र नाही, ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, तो कामगार आहे हे सिद्धच कसे करणार? ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्य शासनाने बाळशास्त्रींच्या नावाने सन्मान योजना काढली आहे. तिच्यासाठी अनेक वर्षांच्या सेवेचे पुरावे द्यावे लागतात. तीस वर्षे बातम्या पाठवून ज्याला एक वेतनचिठ्ठी मिळाली नाही, त्याने कात्रणांची थैली घेऊन कोणत्या टेबलापुढे उभे राहावे?

आणि हा केवळ पोटाचा प्रश्न नाही, जिवाचाही आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूर येथे शशिकांत वारिशे या पत्रकाराच्या दुचाकीला गाडीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. ज्या तेलशुद्धीकरण प्रकल्पसमर्थक जमीन व्यावसायिकाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी प्रसिद्ध झाली होती, त्यालाच या प्रकरणी अटक झाली. महाराष्ट्राने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध २०१७ साली स्वतंत्र कायदा केला आहे. तो करणारे हे देशातील पहिले राज्य, असे अभिमानाने सांगितले जाते. परंतु त्या कायद्यातही पत्रकार म्हणजे प्रसारमाध्यम संस्थेने नेमलेला मनुष्य. मार खाल्लेल्या वार्ताहराला मालकाने ‘हा आमचा नव्हे’ म्हटले, की त्याच्यापुढे पहिले संकट आपण पत्रकार असल्याचे सिद्ध करण्याचे उभे राहते.

या व्यवस्थेतून शेवटी कोण टिकतो, याचा विचार आमच्या वाचकांनी करावा. घरी बागायत आहे, भावाचा ठेका आहे, गावात कपड्याचे दुकान आहे, असा माणूस बिनपगारी वार्ताहर होऊ शकतो. त्याला वेतनाची गरज नसते. ओळखपत्राची असते, कारण तहसील आणि पोलीस ठाणे येथील त्याची कामे त्या ओळखपत्राने सुकर होतात. दुसरा टिकतो तो पाकीट घेणारा. पत्रकार परिषद संपल्यावर चहाबरोबर जी पाकिटे फिरतात, त्यांविषयी शहरातील संपादक नाक मुरडतात. पण आपला वार्ताहर पाकिटाशिवाय महिना कसा काढतो, हे त्यांनी कधी विचारलेले नसते. तिसरा असतो हट्टी, तत्त्वाला धरून राहणारा. तो चार-पाच वर्षांत कर्जबाजारी होतो किंवा पतसंस्थेत कारकुनी धरतो. भूमिहीनाचा मुलगा, तांड्यावरचा मुलगा, दलित वस्तीतील मुलगा या तीन वाटांपैकी कोणत्या वाटेने जाणार? मुलींविषयी तर बोलावयासच नको. तालुका पत्रकार संघाच्या बैठकीत स्त्री वार्ताहर शोधावी लागते. मग जिल्ह्याच्या पानावर ऊसतोड कामगारांची बातमी का नसते, तांड्यावरची शाळा जानेवारीत ओस पडते ती का दिसत नाही, याचे आश्चर्य कशाला? लिहिणाऱ्याची भरती ज्या चाळणीतून होते, त्या चाळणीनेच ती बातमी गाळून टाकलेली असते.

२००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रात विकत घेतलेल्या बातम्यांचा बोभाटा झाला. पी. साईनाथ यांनी ते प्रकरण चव्हाट्यावर आणले. प्रेस कौन्सिलने उपसमिती नेमली. उपसमितीने २०१० साली वृत्तपत्रांच्या नावांनिशी अहवाल दिला आणि कौन्सिलने तो संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध न करता दडवून ठेवला. केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशामुळे तो २०११ साली उजेडात आला. तेव्हा सारा दोष काही संपादकांच्या नीतिभ्रष्टतेला देऊन मंडळी मोकळी झाली. पण बातमी विकण्याचे शिक्षण संपादकाच्या खोलीत सुरू होत नाही. ते तालुक्याच्या एस. टी. स्थानकावर, अठराव्या वर्षी, पहिल्या पुरवणीच्या वेळी सुरू होते.

याउलट वार्ताहराने आपले काम केले, तर काय होते? २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचे बियाणे उगवले नाही म्हणून हजारो शेतकऱ्यांच्या तक्रारी आल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्या वाचून स्वतःहून दखल घेतली. जालना ही बियाण्यांची राजधानी म्हणविली जाते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे उभारलेल्या कंपनीपासून हा उद्योग वाढला आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कारही मिळाला. अशा मुलखात कोणत्या शिवारात काय उगवले नाही, हे न्यायमूर्तींच्या टेबलापर्यंत पोहोचविणारा माणूस कोण होता? बांधावर जाऊन माती उकरून पाहणारा कोणी तरी बिनपगारी वार्ताहर. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीचे नावही १ सप्टेंबर २०२३ पूर्वी मुंबई-दिल्लीच्या वाहिन्यांना उच्चारता येत नव्हते. उपोषणकर्त्यांवर लाठीमार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून गावच्या रस्त्यावर वाहिन्यांच्या गाड्यांची रांग लागली. त्या गाड्या गेल्यावर त्या गावात जो उरतो, कर्ज, नापिकी, शिक्षणाचा खर्च यांविषयी ज्याला रोज लिहिता येईल, त्याला महिन्याला किती द्यावयाचे हा प्रश्न मात्र एकाही वाहिनीच्या चर्चेत आला नाही.

‘आता मोबाइलमुळे प्रत्येक जण पत्रकार झाला आहे, वृत्तपत्राची गरजच काय,’ असेही आम्हांस ऐकविले जाते. या मुलालाही एकाने यूट्यूब वाहिनीचे ओळखपत्र आणि बोधचिन्ह लावलेला ध्वनिक्षेपक देऊ केला होता. किंमत तीन हजार रुपये. वृत्तपत्रांनी वेतन देणे बंद केले होते. येथे कामाला लागण्यासाठी कामगारानेच पैसे मोजावयाचे आहेत! यास तंत्रज्ञानाची क्रांती म्हणावयाचे असेल त्याने म्हणावे. आणि ज्याची वाट मोठ्या शहराकडे आहे, त्याला तीन वर्षांची पदवी, मग सहा महिने विनावेतन उमेदवारी आणि पुण्यातील खोलीचे भाडे. कोयत्यावर उचल घेणाऱ्या घराला ते पेलणारे नाही.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे; ते टाळून मालकांवर तोंडसुख घेणे सोपे आहे. पुरोगामी चळवळीतील पत्रांनी, आमच्यासारख्या साप्ताहिकांनी, खेड्यातील वार्ताहराला कधी काय दिले? अंक फुकट पाठविला, वर्धापनदिनाला बोलावून पाठ थोपटली, आणि वर्गणीदार मिळवून देण्याचे पुस्तक हातात ठेवले. ‘चळवळीचे काम’ या दोन शब्दांनी आपण जे करतो तेच साखळी वृत्तपत्राचा मालक ‘व्रत’ या एका शब्दाने करतो. किमान वेतनाच्या मोर्चाची बातमी जो कार्यकर्ता पाठवितो, त्याला त्या बातमीचे टपालखर्चाएवढेही मानधन मिळू नये, ही विसंगती आपल्याला इतकी वर्षे बोचली नाही. प्रस्तुत लेखकालाही ती त्या वहीची दोन पाने पाहीपर्यंत बोचली नव्हती, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत मांडावी असे वाटते. ज्या वृत्तपत्राला शासकीय जाहिरात हवी, त्याने आपल्या प्रत्येक वार्ताहराला लेखी नेमणूकपत्र आणि छापलेल्या प्रत्येक बातमीमागे ठरलेले मानधन दिल्याचा पुरावा द्यावा. शासकीय जाहिरात जनतेच्या पैशातून दिली जाते. ती बिनपगारी श्रमाला पोसण्यासाठी नव्हे. बातमी लिहिणाऱ्याने जाहिरात आणावयाची नाही आणि जाहिरात आणणाऱ्याने बातमी लिहावयाची नाही, ही अट मानधनाइतकीच महत्त्वाची आहे. किंबहुना तिच्यावाचून मानधन हे नवे पाकीट ठरेल. श्रमिक पत्रकारांच्या संघटनांनी आपली दारे तालुक्याच्या वार्ताहरांना पूर्ण सभासद म्हणून उघडावीत. कचेरीतल्या पत्रकाराला कंत्राटावर आणता आले, याचे एक कारण त्याच्या पाठीमागे उभा असलेला हा फुकटा कामगार होता, हे त्यांनी आता तरी ओळखावे. आणि आपल्या साप्ताहिकाने पुढील अंकापासून जिल्ह्यातून आलेल्या प्रत्येक छापील वृत्तास मानधन द्यावे. रक्कम लहान असेल, पण ती वेतन म्हणून द्यावी, बक्षीस म्हणून नव्हे. त्यासाठी पृष्ठसंख्या कमी करावी लागली तर अग्रलेखापासून सुरुवात करावी. प्रस्तुत लेखकाच्या लेखांपासून केली तरी हरकत नाही.

मुलाच्या वडिलांचे म्हणणे वेगळे आहे. गावातील चार मुले जालन्याच्या पोलीस भरतीच्या अकादमीत जातात, त्यानेही जावे. नाही तर आय. टी. आय. करून लोखंडाच्या कारखान्यात लागावे. त्यांचे काही चूक आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाही. मुलाने भरतीचा अर्ज भरून ठेवला आहे. एजन्सीच्या अनामतीसाठी आजीने शेळी विकण्याची तयारी दाखविली होती. त्याने नको म्हटले. टँकरच्या खेपांची ती नऊ दिवसांची नोंद आम्ही त्याच्याकडून मागून घेतली आहे आणि ती संबंधित कागदपत्रांशी ताडून याच साप्ताहिकात प्रसिद्ध व्हावी, असे संपादकांना कळविले आहे. तिच्याखाली त्याचे नाव असावे की नसावे, हे त्याने अद्याप ठरविलेले नाही. विहीर गावाच्या मधोमध आहे आणि ठेकेदाराचे घर तिच्यापासून दोनशे पावलांवर.